ओ

उत्तर न दिलेली पत्रं दिनकर आठल्येच्या आयुष्यात पुष्कळ होती. लाजरा माणूस पत्रं ठेवून देतो, उद्या नीट लिहू म्हणतो आणि मग इतका उशीर होतो की लिहिणंच उद्धटपणाचं वाटायला लागतं. पण छातीत अडकून राहिलेलं पत्र एकच होतं. वहीतून फाडलेला रेघांचा कागद, वर तुरुंगाचा जांभळा शिक्का, आणि शाळेत घोटून घेतलेलं वळणदार अक्षर. ‘साहेबांना सप्रेम जय भीम’ अशी सुरुवात. शेवटच्या दोन ओळी त्याला पाठ होत्या, पाठ करायचा प्रयत्न न करताही: ‘इथे मराठीत हाक मारावी असं दुसरं कुणी नाही. एवढ्या हाकेला ओ द्या.’ खाली सही, द्रौपदी रावसाहेब इंगळे. तारीख बाराव्या महिन्यातली, एकोणीसशे ब्याण्णव. पत्र त्याने एका जाड इंग्रजी शब्दकोशात ठेवलं होतं. शब्दकोश उत्तरेतल्या या शहरात, गोमती नगरच्या या फ्लॅटमध्ये आला तेव्हा बाकीच्या पुस्तकांबरोबर न पाठवता त्याने तो स्वतः मांडीवर घेऊन आणला होता. उल्का, त्याची बायको, तेव्हा म्हणाली होती, “अहो, बाळ आहे का ते?” तो दचकला होता.

जानेवारीतली सकाळ होती. खिडकीबाहेर कोहरा इतका दाट की समोरची इमारत कुणीतरी पुसून टाकल्यासारखी. त्याने दूध तापायला ठेवलं आणि फोन उघडला. मराठी मंडळाच्या ग्रुपवर संक्रांतीच्या तिळगुळाची चित्रं होती, आणि त्यांच्या मध्ये, चित्राशिवाय, एक मजकूर: ‘अर्जंट. बॉम्बे ग्रुपचं रक्त हवं. साधं ओ चालणार नाही. पेशंट द्रौपदी इंगळे, वय ६०, खुब्याचं ऑपरेशन. संपर्क नागसेन वानखडे.’ दिनकरने ते एकदा वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. दूध नासलं होतं. पातेल्यात पांढऱ्या गुठळ्या एकमेकींना धरत होत्या आणि खालचं पाणी हिरवट, स्वच्छ होत चाललं होतं. गॅस बंद करायचं त्याला सुचलं नाही. तो त्या गुठळ्यांकडे बघत राहिला. आयुष्यभर त्याने हेच बघितलं होतं, छोट्या काचेच्या नळीत, दिव्यासमोर धरून. रक्त गुठळतं की नाही. एवढ्याचाच त्याला पगार मिळत असे.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात शहरातल्या एका इस्पितळातून चार दिवसांचा मुलगा चोरीला गेला. जयसिंग नावाच्या कापड दुकानदाराचा. दोन महिन्यांनी पोलिसांनी मलिहाबादकडच्या एका भाड्याच्या खोलीतून दोन महिन्यांचाच एक मुलगा आणि द्रौपदीला उचलून आणलं. तिचा नवरा रावसाहेब सरकारी नोकरीत, बदली होऊन आलेला. बाळंतपण घरीच, आमराईतल्या एका दाईच्या हातचं, कागद कुठलाच नाही. ती बाळंतीण होती हे डॉक्टरांनी मान्य केलं. पोलिसांचं म्हणणं असं की तिचं मूल जन्मताच मेलं आणि तिने दुसऱ्याचं उचललं. दाईला ठाण्यावर दोन दिवस बसवल्यावर दाईही तेच म्हणाली. मग सगळ्यांची रक्तं तपासायला सरकारी प्रयोगशाळेत, दिनकरच्या टेबलावर आली. जयसिंग बी. त्याची बायको ए. रावसाहेब बी. मूल एबी. आणि द्रौपदी ओ. कसलीच गुंतागुंत नव्हती. मूल एबी असेल तर एकाकडून ए आणि दुसऱ्याकडून बी यायला हवा, आणि ओ आईकडे द्यायला दोन्हीपैकी काहीच नसतं. हे कॉलेजच्या पहिल्या वर्षातलं पोरही सांगेल. रक्ताच्या वारशाने गुन्हा उकलला, असं दुसऱ्या दिवशीच्या हिंदी पेपरात आलं होतं, आणि त्याचं नाव चुकीचं छापलं होतं: दिनकर आठवले.

आणि तरीही एक नळी होती. उलटी तपासणी करताना माणसाचं सीरम, म्हणजे रक्तातलं वरचं पाणी, गट आधीच माहीत असलेल्या पेशींवर टाकून बघतात. ओ माणसाचं सीरम ए पेशींना गुठळवतं, बी पेशींना गुठळवतं, ओ पेशींना मात्र हात लावत नाही. द्रौपदीच्या सीरमने ओ पेशीही गुठळवल्या. रव्यासारखे जाड लाल कण. दिनकरने नळी हलवली, पुन्हा धरली. कण तसेच. आदल्या दिवशी सात तास वीज नव्हती, फ्रीज बंद होता, पेशी खराब झाल्या असणार. त्याने आपल्या कच्च्या वहीत पेन्सिलीने लिहिलं: ‘ओ पेशी गुठळी. पेशी जुन्या? पुन्हा करणे.’ एरवी त्याने पुन्हा केलंच असतं. तीनदा केलं असतं. घराचं कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस तो. चहात साखर आहे का म्हणून विचारलं तरी ‘बहुधा’ म्हणणारा. उल्का माहेरच्यांपुढे त्याचा उल्लेखच ‘आमचे बहुधा’ असा करायची. पण त्याच वेळी शेजारच्या टेबलावरचा सहकारी तोंडातलं पान गालात सरकवत हसून म्हणाला होता, “आठले बाबू, मुलज़िमा तो आपके देस की है। ज़रा देख-भाल के। कहीं ख़ून ख़ून को न पहचान ले।” सगळी खोली हसली. दिनकरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता पुन्हा तपासणी करायची म्हणजे आपल्या मुलखाच्या बाईसाठी पळवाट शोधणं. त्याने नळी सिंकमध्ये ओतली आणि त्याच दुपारी अहवालावर सही केली.

कोर्टात ती चार हातांवर उभी होती. सव्वीस वर्षांची, अंगावर कुणाची तरी ढगळ शाल, छातीपाशी ओलं. दूध येत होतं तिला. तो साक्षीला चढण्याआधी ती एकदम मराठीत म्हणाली, “साहेब, तुम्ही तिकडचे ना? यांना सांगा ना, लेकरू माहं आहे.” सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. आणि तो हिंदीत म्हणाला, “जो कहना है, अदालत से कहिए।” सहा शब्द. त्या वाक्याची त्याला पुढे चव येत राहिली, तोंडात पितळेचं नाणं धरल्यासारखी. न्यायाधीशांनी विचारलं, “यानी यह औरत इस बच्चे की माँ हो, ऐसा मुश्किल है?” “जी, असंभव।” असंभव! आयुष्यात तो शब्द त्याने तेवढा एकदाच वापरला. इतर प्रत्येक गोष्टीत स्वतःवर शंका घेतली, आपल्याला पोहता येईल का, आपण बरे बाप आहोत का, समोरच्याने आपल्याला खरंच बोलावलं आहे की उपचार म्हणून. एकाच ठिकाणी शंका घेतली नाही, आणि तिथेच ती घ्यायला हवी होती. मूल जयसिंगच्या बायकोच्या हातात दिलं. द्रौपदी ओरडली नाही. ती नुसती ‘ए’ म्हणाली, मांडीवरचं मूल घसरायला लागलं की बायका म्हणतात तशी.

दीड वर्षाने पत्र आलं. त्यात तिने लिहिलं होतं की भावाला मुंबईत अपघात झाला, रक्त चढवायला घेतलं तर कुणाचंच जुळेना, आणि तिथले डॉक्टर म्हणाले, याचं रक्त ओ दिसतं पण ओ नाही. ‘साहेब, सख्ख्या भावाचं तसं तर माहं तसं नसेल का? एकदा पुन्हा तपासा.’ दिनकरने ते वाक्य वाचलं आणि ऑफिसातली खुर्ची त्याच्याखालून थोडी मागे सरकली, किंवा त्याला तसं वाटलं. त्याला सगळं कळलं होतं. न कळायला काय झालं? बॉम्बे ग्रुप. मुंबईत सापडला म्हणून ते नाव. प्रयोगशाळेत आलेल्या इथल्या शिकाऊ मुलांना शिकवताना तो थोड्या अभिमानाने, जणू गावच्या आंब्याबद्दल सांगावं तसं, त्याच्याबद्दल सांगत असे. “खुंटी और कुर्ता समझो,” तो म्हणायचा. ए हा कुर्ता आहे, अंगातल्या गाठोड्यात तो असतोच. पण काही माणसांच्या रक्ताच्या भिंतीवर तो टांगायची खुंटीच नसते. बाहेरून बघणाऱ्याला भिंत मोकळी दिसते आणि तो म्हणतो, ओ. पोराला बापाकडून खुंटी मिळते, आणि आईच्या गाठोड्यातला ए त्यावर येऊन लटकतो. अशा रक्ताची खूण एकच, ते ओ पेशींनाही गुठळवतं. रव्यासारखे जाड लाल कण.

त्याने उत्तर लिहायला घेतलं. ‘द्रौपदीबाईंस’ की ‘सौ. द्रौपदी यांस’ की नुसतंच ‘महोदया’, इथेच तीन कागद गेले. मग विचार आला, लिहिलेला कागद तुरुंगात उघडला जाईल, वाचला जाईल, मराठी कुणाला कळत नाही म्हणून ऑफिसातच परत भाषांतराला येईल, त्याच सहकाऱ्याच्या टेबलावरून. मग मुलीचा, मुक्ताचा, गोवर आला. मग बढती आली. मग रावसाहेब वारल्याचं कानावर आलं. मग ती सुटली असेल. आणि मग ‘मग’ सुद्धा संपले.

उल्का स्वयंपाकघरात आली आणि पातेलं बघून म्हणाली, “बहुधा दूध नासलंय.” तो हसला नाही. त्याने फोन तिच्या हातात दिला. तिने वाचलं आणि बराच वेळ पातेलं धूत राहिली. तिला ठाऊक होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन येणाऱ्या नवऱ्याचा शब्दकोश बायको एकदा तरी उघडून बघतेच. “जगेल का ती?” तिने विचारलं. तो म्हणाला, “बह—” आणि थांबला.

त्याने नागसेनला फोन केला. नागसेन तिच्या भावाचा मुलगा, सरकारी बँकेत, बरीच वर्षं इथेच. “हाँ काका, नमस्कार. मुंबईहून दोन बाटल्या येतायत, परवा फ्लाइटने. शुक्रवारी ऑपरेशन. तुम्ही डोनर आहात का?” “नाही. मी... पूर्वी रक्ताचं काम करायचो.” “अच्छा, डॉक्टर?” “नाही, डॉक्टर नाही.” “काही नाही काका, तुम्ही फोन केला हेच खूप. आत्याला तसं कुणी नाही ना. माझे बाबा पण ह्याच ग्रुपचे होते, ते गेले. आता आमच्या घराण्यात ही एकटीच पीस उरलीय,” आणि तो हसला, आजारी माणसाजवळ रात्रंदिवस बसणारी माणसं हसतात तसा.

दुपारी दिनकर इस्पितळात गेला. कोहरा उतरलाच नव्हता. ई-रिक्षांचे दिवे दुपारी तीनला लागलेले. चालकाने गळ्याभोवती मफलर गुंडाळला होता, तिशी-पस्तिशीचा असेल, आणि आरशातून तो मागे बघत होता. दिनकरने नकळत त्याच्या वयाचा हिशेब केला. इतकी वर्षं त्याने एकाच मुलाचा विचार केला होता. पण मुलं दोन होती. जयसिंगकडे वाढलेला द्रौपदीचा असेल, तर जयसिंगचा स्वतःचा कुठे आहे? इस्पितळाच्या पाळण्यातून ज्याला खरंच कुणी उचललं, तो? सापडला म्हणून त्याचा शोध त्याच दिवशी थांबला होता. दिनकरच्या सहीने थांबला होता. ज्याने कुणी त्याला नेलं तो माणूस पेपर वाचून हसला असेल, आणि निवांत झोपला असेल. ते मूल जगलं का? कुठे विकलं गेलं का? चौतीस वर्षांचा कुणीही तो असू शकत होता, हा मफलरवाला, लिफ्टपाशी स्ट्रेचर धरून उभा असलेला, चहाचे कप गोळा करणारा. शहरभर तो एकटा माणूस हजार चेहऱ्यांनी उभा होता आणि कुणी त्याला शोधत नव्हतं. “बाबूजी, उतरना नहीं है?” चालक म्हणाला. दिनकर उतरला, आणि मागे वळून न बघता चालू लागला.

वॉर्डचं दार अर्धं उघडं होतं. नागसेन औषधं आणायला खाली गेलेला असावा. पडदा ओढलेला, पडद्याखालून पलंगाची चाकं दिसत होती आणि कठड्यावर वाळत टाकलेला टॉवेल, पांढरा, निळ्या दुहेरी काठाचा. तो टॉवेल दिनकरने पाहिला होता. तसले आठ टॉवेल त्याच्या घरी होते. त्याचं पाऊल फरशीवर वाजलं. आतून आवाज आला, जड, थकलेला, पण वऱ्हाडी हेल तोच: “कोण आहे? कोण आलं?” त्याचे ओठ उघडले. इथून पडदा चार पावलांवर होता. “नागसेन, तू आहेस का रे?” दिनकर भिंतीला टेकला. नाव, गाव, माफी, सगळं तयार होतं. “आहे कोणी तरी,” ती स्वतःशीच म्हणाली, “पण ओ नाही देत.” तो जिन्याने खाली आला. चार मजले. कठडा धरायचं लक्षात राहिलं नाही.

त्या टॉवेलसाठी तो दुसऱ्या दिवशी अमीनाबादच्या बाजारात गेला. ‘जयसिंग एंड सन’, आठ वर्षांपूर्वी रिक्षातून ती पाटी दिसली होती, तेव्हापासून वर्षातून एकदा तो या गल्लीत शिरायचा. काय बघायला, ते त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तोच मुलगा, रणजित, गल्ल्यावर होता. उंच, जाड भिवयांचा, बोलका. “अरे आइए चाचा! आ गए? साल का एक तौलिया! चाची निचोड़-निचोड़ के फाड़ देती हैं क्या?” मागे गादीवर जयसिंग बसलेला, मोतीबिंदूने डोळे दुधाळ झालेले. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. “कौन है, बेटा?” “वही तौलिये वाले चाचा, बाबूजी।” रणजितने न विचारताच निळ्या काठाचा टॉवेल काढला, झटकला, घडी घातली. “आपका और एक अम्मा का, बस दो का शौक हमारी समझ में नहीं आया। वो भी हर साल जाड़े में आती हैं। एक तौलिया। बैठेंगी, पानी पिएँगी, मोल-भाव कुछ नहीं, जाते-जाते सर पर हाथ रख देंगी। बोली भी आपकी जैसी है कुछ-कुछ। अब के नहीं आईं।” दिनकरने टॉवेल घेतला. तो त्याने छातीशी धरला. “चाचा, जान-पहचान है क्या?” रणजितने सहज विचारलं. मागून जयसिंगने चेहरा वर उचलला होता. त्याला दिसत नव्हतं, पण तो कान देऊन ऐकत होता, फार वर्षं कशाची तरी भीती बाळगलेला माणूस ऐकतो तसा. “होगी कोई,” दिनकर म्हणाला. बाहेर आल्यावर त्याला वाटलं की आपण पुन्हा एकदा साक्ष दिली.

म्हणजे तिला ठाऊक होतं. पत्ता ठाऊक होता, चेहरा ठाऊक होता, कपाळाची ऊब तळहाताला ठाऊक होती. वर्षानुवर्षं ती त्या दुकानात पाणी पिऊन उठत होती आणि तोंडातून शब्द काढत नव्हती, कारण कोर्टाने, सरकारने, रक्ताने सांगितलं होतं की ती खोटारडी आहे. तिच्यापाशी मूल नव्हतं असं नाही. तिच्यापाशी एक कागद नव्हता. आणि तो कागद, त्या कच्च्या वहीतलं पान, दिनकरच्या कपाटात होता.

“जाऊन तोंडाने सांगा,” उल्का म्हणाली. “तोंडाने मला जमत नाही.” “कोर्टात बरं जमलं होतं.” त्याने नव्या टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली. थोड्या वेळाने ती मऊ आवाजात म्हणाली, “त्या मुलाचं काय होईल, याचा विचार केलात? त्या आंधळ्या बापाचं?” केला होता. दुसरं काय केलं होतं दोन दिवस? न सांगण्याला आता पहिल्यांदाच एक चांगलं, उदात्त कारण मिळालं होतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. चौतीस वर्षांत जेवढी कारणं आली, सगळी अशीच पुढे हात करून, सभ्य चेहऱ्याने आली होती. “सांगायचं की नाही हे तिने ठरवायचं,” तो म्हणाला. “रणजितला, कोर्टाला, कुणालाही. मी ठरवत राहिलो म्हणून तर इथवर आलं.”

त्याने शब्दकोश उघडला, पत्र बाहेर काढून समोर ठेवलं, आणि लिहिलं. या वेळी मायन्यापाशी अडला नाही.

‘द्रौपदीबाई, जय भीम. तुमचं बारा डिसेंबरचं पत्र मिळालं होतं. तुम्ही लिहिलं होतं ते बरोबर होतं. तुमचं रक्त ओ दिसतं, पण ओ नाही. त्याची खूण मला तपासताना दिसली होती आणि मी ती पुन्हा न तपासता ओतून दिली. माझ्या वहीचं ते पान सोबत आहे, मूळच. तुम्ही माझ्या मुलखातल्या म्हणून मी पुन्हा तपासलं नाही; मला तुमच्या बाजूचा म्हणतील, ही लाज वाटली. ते मूल तुमचंच आहे असं माझी तपासणी सांगू शकत नाही, ते आता नव्या तपासणीने एका आठवड्यात कळेल. पण ते तुमचं असणं असंभव आहे, असं मी शपथेवर सांगितलं, ते चूक होतं. तो शब्द मी मागे घेतो. हे मी कोर्टात सांगायला तयार आहे आणि तसं सही करून सोबत जोडलं आहे. त्या दिवशी इस्पितळातून गेलेलं मूल दुसरं कुणी असेल, तर त्याचा शोध माझ्यामुळे थांबला, हेही त्यात लिहिलं आहे. क्षमा मागण्याइतकी माझी पोच नाही. परवा दुपारी दाराशी मी होतो.’

गुरुवारी सकाळी पोस्टात रांग होती. कोहऱ्यामुळे आत दिवे लावलेले, माणसांच्या तोंडातून वाफ. दिनकर इस्पितळाच्या वॉर्डाचा पत्ता घातलेलं पाकीट हातात धरून उभा होता, आणि ते ओलं होईल म्हणून हात सारखा बदलत होता. त्याला रजिस्ट्री करायची होती. काउंटरमागचा माणूस म्हणाला, “रजिस्ट्री बंद हो गई अंकल, कब की। स्पीड पोस्ट होगा। शहर का शहर में है, कल तक पहुँच जाएगा।” मग पाकीट उलटंसुलटं करून, “भेजने वाले का नाम?” दिनकरने ते लिहिलंच नव्हतं. विसरलो, असं तो म्हणणार होता. पण विसरला नव्हता. पाकिटाच्या त्या कोपऱ्यात पेन टेकवून त्याने दोनदा उचललं होतं. मागे कुणीतरी खाकरलं. तिथे उभ्याउभ्याच, फळीवर कागद टेकवून, त्याने लिहिलं: दिनकर आठल्ये, आणि खाली, कंसात नाही, स्पष्ट, त्या वेळच्या आपल्या हुद्द्यासकट पत्ता. माणसाने पाकीट आत ओढलं, वजन केलं, यंत्राने चिकटपट्टी ओकली. “बगल में रुकिए, रसीद का प्रिंटर अटक रहा है।”

तो बाजूला झाला. पाकीट निळ्या पिशवीत पडलेलं त्याने बघितलं, वर दुसरी पाकिटं पडली, आणि ते दिसेनासं झालं. आता काही करता येणार नव्हतं. उद्या शुक्रवार. आधी पत्र पोचेल की आधी तिला आत नेतील, हे कुणाला विचारावं त्याला कळेना. दारातून एक तिशी-पस्तिशीचा माणूस हात चोळत आत आला, त्याच्याकडे बघून पुढे गेला. काउंटरमागच्या माणसाने पावती फाडली, डोळ्यांजवळ नेली. “दिनकर... आठ... आठ क्या है ये? दिनकर कौन हैं? अरे, दिनकर!”

“ओ!” दिनकर म्हणाला.

इतक्या मोठ्याने, की सगळी रांग वळून बघायला लागली.